जखम धुण्याआधी: न्यायवैद्यक परिचर्येचे शास्त्र आणि व्यवसाय

गुन्ह्याच्या तपासात घटनास्थळाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे रुग्णालयाच्या अपघात विभागाला क्वचितच दिले जाते. घटनास्थळी ये-जा थांबवली जाते, पंचनामा होतो, छायाचित्रे घेतली जातात. मात्र ज्या माणसावर हल्ला झाला त्याचे शरीर, म्हणजे गुन्ह्याच्या खुणा जेथे सर्वांत दाट असतात ती जागा, स्ट्रेचरवरून अपघात विभागात पोहोचते आणि तेथे पहिल्या अर्ध्या तासातच त्या खुणा पुसल्या जाऊ लागतात. रक्त कोठून वाहते हे दिसावे म्हणून सदरा कात्रीने उभा कापला जातो, सुई टोचण्यापूर्वी हात स्पिरिटने पुसला जातो, जखम धुऊन टाके घातले जातात आणि रक्ताने भिजलेला सदरा पिवळ्या पिशवीत टाकून जाळण्यासाठी पाठवला जातो. यात कोणाची कुचराई नसते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेल्या टाकाऊ वस्तूंची जागा पिवळी पिशवीच आहे. काही महिन्यांनी न्यायालयात मात्र प्रश्न निघतो की भोसकल्याचे छिद्र सदऱ्यावर नेमके कोठे होते, आणि तेव्हा सदरा उरलेला नसतो.

म्हणजे जीव वाचवण्याच्या नेहमीच्या कृतींनीच पुरावा नाहीसा होतो. उपचार थांबवता येत नाहीत, कारण रुग्णाचा जीव खटल्यापेक्षा मोठा असतो; आणि पुरावा सोडूनही देता येत नाही, कारण त्याच रुग्णाला पुढे न्याय मिळायचा असतो. हा पेच सोडवण्यासाठी परिचर्येची जी स्वतंत्र शाखा आकाराला आली, तिला न्यायवैद्यक परिचर्या म्हणतात.

शाखा कशी जन्मली

न्यायवैद्यक म्हणजे कायद्याच्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी वापरले जाणारे वैद्यकशास्त्र. त्याचे नाव काढताच शवविच्छेदन डोळ्यांसमोर येते. परंतु मारहाण, भाजणे, विषबाधा, लैंगिक अत्याचार, बालकांचा छळ, वाहनांचे अपघात अशा प्रकरणांत बहुसंख्य माणसे जिवंत असतात व रुग्णालयात येतात. अशा प्रत्येक रुग्णाची नोंद न्यायवैद्यक प्रकरण, म्हणजे रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत ‘एमएलसी’, म्हणून होते. या जिवंत रुग्णाची शुश्रूषा आणि त्याच्या शरीरावरील पुराव्याचे जतन ही दोन्ही कामे एकाच प्रशिक्षित हाताने करणे, ही न्यायवैद्यक परिचर्येची साधी व्याख्या होय.

या कामाची पद्धतशीर सुरुवात अमेरिकेत लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतून झाली. अत्याचारित स्त्री रुग्णालयात आली की तिच्या जिवाला तातडीचा धोका नसल्याने तिला तासन्‌तास थांबावे लागे, तपासणाऱ्या डॉक्टरला पुरावा गोळा करण्याचे शिक्षण क्वचितच असे, आणि पुढे साक्षीसाठी न्यायालयात खेटे घालावे लागतील म्हणून पुष्कळ डॉक्टर हे काम टाळत. त्यावर उपाय म्हणून १९७६ मध्ये टेनेसी राज्यातील मेंफिस, १९७७ मध्ये मिनियापोलिस आणि १९७९ मध्ये टेक्सासमधील अमॅरिलो येथे परिचारिकांना खास शिक्षण देऊन ही तपासणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. मृत्यूच्या तपासातही त्याच दशकात परिचारिकांचा शिरकाव झाला. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अकस्मात मृत्यूंच्या प्राथमिक चौकशीसाठी परिचारिका नेमण्यात आल्या. या विखुरलेल्या कामांना एका शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हर्जिनिया लिंच या अमेरिकी परिचारिकेला दिले जाते. १९९२ मध्ये न्यायवैद्यक परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९९५ मध्ये अमेरिकी परिचारिका संघटनेने परिचर्येतील स्वतंत्र विशेषशाखा म्हणून न्यायवैद्यक परिचर्येला मान्यता दिली.

परिचारिकेचीच निवड होण्यामागे एक व्यावहारिक कारण होते. रुग्णाला पहिल्यांदा हात लावणारी, त्याचे कपडे उतरवणारी, रक्त काढणारी, जखम पुसणारी आणि रात्रभर त्याच्या उशाशी असणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते. म्हणून पुरावा हाती लागण्याची अथवा हातचा जाण्याची वेळही तिच्याच पाळीत येते.

पुरावा कशाने टिकतो, कशाने नासतो

फ्रान्समधील लिआँ शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व असे सांगते की दोन वस्तूंचा एकमेकींशी संपर्क आला, की प्रत्येकीचे काही ना काही दुसरीवर राहते. हल्लेखोराचा केस, त्याच्या त्वचेच्या पेशी, लाळ, वीर्य, कपड्यांचे धागे, घटनास्थळाची माती हे सारे पीडित व्यक्तीच्या अंगावर येऊ शकते. तिने प्रतिकार केला असेल तर तिच्या नखांखाली हल्लेखोराच्या पेशी सापडू शकतात. हे अवशेष इतके अल्प असतात, की एका ओल्या बोळ्याने पुसले जातात.

अवशेष गोळा केले म्हणजे काम संपत नाही, कारण जैविक पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू ओल हा आहे. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला तर वर्षभराचे लोणचे बुरशीने खराब होते. रक्त, लाळ किंवा वीर्य लागलेल्या कापडाचेही तसेच होते. ओलसर कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले की आतील दमटपणात जिवाणू व बुरशी वाढतात, आणि ज्या डीएनएवरून व्यक्तीची ओळख पटायची त्याचे तुकडे होतात. म्हणून रक्ताळलेला कपडा आणि नमुन्याचा बोळा सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवून मगच कागदी पाकिटात ठेवतात. कागदातून हवा खेळती राहते, त्यामुळे उरलेली ओलही निघून जाते. उन्हात किंवा उष्णतेवर वाळवणे वर्ज्य आहे, कारण उष्णता आणि सूर्यप्रकाश यांनीही डीएनएची हानी होते.

कपडे उतरवण्याचीही रीत असते. रुग्णाला शक्य असेल तर स्वच्छ कागद अंथरून त्यावर उभे करतात, म्हणजे कपड्यांतून गळणारा केस, धागा किंवा मातीचा कण कागदावर राहतो. तो कागदही घडी घालून पुराव्यात जमा होतो. प्रत्येक कपड्याचे पाकीट वेगळे असते, कारण दोन कपडे एकत्र ठेवले तर एकावरचा डाग दुसऱ्याला लागून मूळ डाग कोठला हे कळेनासे होते. कपडा कापावाच लागला, तर कात्री छिद्रातून अथवा फाटलेल्या भागातून न नेता बाजूने नेतात. चाकूच्या छिद्राची लांबी आणि कडा, किंवा गोळीच्या छिद्राभोवतीची काजळी व दारूचे कण यांवरून शस्त्र आणि अंतर यांचा अंदाज बांधता येतो. कात्री छिद्रातूनच गेली तर हा पुरावा गेला. गोळीबाराच्या प्रकरणात हात धुण्यापूर्वी ते कागदी पिशव्यांनी झाकतात. गळफासाच्या रुग्णाची दोरी सोडवताना गाठ न उकलता गाठीपासून दूर कापतात, कारण गाठ कशी व कोणत्या बाजूला होती हे पुढे विचारले जाते.

चित्रपटांत शल्यविशारद शरीरातून गोळी काढून धातूच्या ट्रेमध्ये टणकन टाकतो. प्रत्यक्षात ती कृती पुराव्याला अपाय करणारी आहे. बंदुकीच्या नळीच्या आतील खाचांचे सूक्ष्म ओरखडे गोळीवर उठलेले असतात, आणि त्यांवरून ती कोणत्या बंदुकीतून सुटली हे ठरवता येते. दातेरी चिमट्याने धरल्यास किंवा धातूवर आपटल्यास त्यांत नव्या ओरखड्यांची भर पडते. म्हणून शस्त्रक्रियागृहातील जाणकार परिचारिका टोकांना रबर चढवलेले उपकरण पुढे करते आणि गोळी कापसात गुंडाळून डबीत ठेवते.

रक्ताच्या नमुन्याचे उदाहरणही बोलके आहे. मद्यपान करून वाहन चालवल्याच्या संशयावरून रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली, तर नमुन्यात बाहेरचे अल्कोहोल मिसळल्याचा आक्षेप घेता येतो. म्हणून अल्कोहोल नसलेल्या जंतुनाशकाने किंवा साबण-पाण्याने त्वचा स्वच्छ करतात. रक्त ज्या कुपीत घेतात तीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते. पहिले रसायन जिवाणूंना रोखते, कारण त्यांच्यामुळे कुपीतील अल्कोहोल वाढू वा घटू शकते. दुसरे रक्त गोठू देत नाही. विषबाधेच्या रुग्णाचे जठर धुताना पहिल्यांदा बाहेर येणाऱ्या द्रवात विषाचे प्रमाण सर्वाधिक असण्याची शक्यता असते, म्हणून तो पहिला द्रव राखून ठेवणे आवश्यक असते. कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण सातत्याने येणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णालयांत ही एक सवय अनेक प्रकरणांचा उलगडा करू शकते.

जखम पाहणे आणि जखम वाचणे

जखमेवर उपचार करणाऱ्याला तिची खोली आणि रक्तस्राव कळणे पुरेसे असते. न्यायालयाला मात्र ती कशाने झाली हे कळावे लागते. डोक्यावर काठी बसली तर कवटीच्या हाडावर ताणलेली त्वचा अशी फाटते की जखमेच्या कडा सरळ दिसतात, आणि घाईत तिची नोंद ‘कापल्याची जखम’ अशी होते. भिंगातून पाहिल्यास फरक उघड होतो. धारदार शस्त्राने कापलेल्या जखमेत ऊती तळापर्यंत स्वच्छ तुटलेल्या असतात आणि केसही कापलेले असतात. बोथट आघाताने फाटलेल्या जखमेत दोन्ही कडांना जोडणारे ऊतींचे बारीक धागे शिल्लक असतात आणि केसांची मुळे चिरडलेली आढळतात. नोंदीतील या एका शब्दावर आरोपीच्या हातात काठी होती की कोयता, हे अवलंबून राहते.

मुक्या माराचीही भाषा असते. काठी किंवा नळी जोराने बसली की खालचे रक्त दोन्ही बाजूंना लोटले जाऊन तेथील केशवाहिन्या फुटतात, त्यामुळे त्वचेवर दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिका पट्टा उमटतो. असा वळ नुसते खाली पडल्याने उठणे कठीण असते. वळाचा रंग दिवसागणिक बदलतो, कारण साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होऊन आधी हिरवट व मग पिवळे रंगद्रव्य तयार होते. तरीही केवळ रंगावरून वळ नेमका किती दिवसांचा हे सांगणे धोक्याचे ठरते, कारण वय, त्वचेचा वर्ण, शरीराचा भाग आणि माराचा जोर यांनुसार हा वेग बदलतो. म्हणून प्रशिक्षित परिचारिका वळाची जागा, आकार, लांबी-रुंदी आणि रंग लिहिते, शेजारी मोजपट्टी ठेवून आधी दुरून व मग जवळून छायाचित्र घेतले जाईल असे पाहते, आणि अनुमान तज्ज्ञावर सोडते.

लहान मुलांच्या बाबतीत हे वाचन सर्वाधिक मोलाचे ठरते. हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मारहाणग्रस्त बालकांच्या लक्षणसमूहावर निबंध प्रसिद्ध केला, तोपर्यंत घरातील छळ हे मुलांच्या दुखापतीचे कारण असू शकते, ही गोष्ट वैद्यकक्षेत्राने पुरेशी मनावर घेतली नव्हती. चुलीवरचे किंवा गॅसवरचे आधण मुलाने ओढून घेतले, तर पाणी वरून खाली ओघळते. त्यामुळे भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, शिंतोड्यांचे डाग पडतात आणि खाली जाताना पाणी निवत असल्याने भाजण्याची तीव्रता कमी होत जाते. मुलाचे पाय कढत पाण्याच्या बादलीत धरून ठेवले असतील, तर दोन्ही पायांवर सारख्याच उंचीवर स्पष्ट रेघ दिसते आणि शिंतोडे जवळजवळ नसतात. असा आकृतिबंध म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. पण पालकांनी सांगितलेली हकीकत आणि शरीरावरील खुणा जुळत नाहीत हे लक्षात येणे, हाच बालकाच्या संरक्षणाचा प्रारंभ असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि परिचारिकाही त्याला अपवाद नाही.

काही खुणा बाहेरून दिसतच नाहीत. गळा दाबला गेलेल्या स्त्रीच्या मानेवर व्रण नसूनही तिचा आवाज बसलेला असतो, गिळताना दुखते, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. घरगुती हिंसाचाराच्या रुग्णाला आवाज बदलला आहे का, एवढे विचारण्याची सवय परिचारिकेला असेल तर पुरावाही मिळतो, आणि गळ्याला नंतर येणाऱ्या सुजेचा धोकाही वेळीच ओळखता येतो.

शब्दांची नोंद

शरीराइतकाच रुग्णाचा शब्दही पुरावा असतो. येथे नियम असा की रुग्णाने जे सांगितले ते शक्यतो त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहावे. ‘नवऱ्यानं रॉकेल ओतलं’ या वाक्याचे ‘कौटुंबिक वादातून भाजल्याचा इतिहास’ असे सभ्य रूपांतर करणे, म्हणजे पुराव्याची धार घालवणे होय. जळीत कक्षात याचे महत्त्व विशेष असते, कारण तेथील रुग्णाने मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन मृत्युपूर्व जबाब म्हणून ग्राह्य धरता येते. ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की जबाब नोंदवणाऱ्याची रुग्ण शुद्धीवर व सुस्थितीत असल्याबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचे प्रमाणपत्र नाही म्हणून जबाब फेटाळता येणार नाही. अशा वेळी रुग्ण केव्हा शुद्धीवर होता, त्याला कोणते गुंगीचे औषध किती वाजता दिले, नातेवाईक जवळ होते काय, या परिचारिकेच्या दैनंदिन नोंदी खटल्यात निर्णायक ठरू शकतात.

काय लिहू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शरीरावर जखम नसणे म्हणजे अत्याचार झालाच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. भीतीने गोठलेली व्यक्ती प्रतिकार करीलच असे नाही. पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी शेरे मारण्यासाठी वापरली जाणारी तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी ठरेल असे बजावले.

हातोहातीची साखळी

नमुना कितीही काळजीपूर्वक घेतला, तरी तो रुग्णालयातून प्रयोगशाळेपर्यंत कोणाकोणाच्या हातून गेला याचा अखंड हिशेब नसेल तर त्याचे मोल घटते. या हिशेबाला ताब्याची साखळी म्हणतात. पाकिटावर रुग्णाचे नाव, एमएलसी क्रमांक, नमुन्याचे वर्णन, घेतल्याची तारीख व वेळ आणि घेणाऱ्याची सही असते. ते सीलबंद करून कुलपात ठेवतात, पोलिसांच्या ताब्यात देताना घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, वेळ व सही घेतात. तेथून ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात जमा होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते; राज्यात या प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, नाशिक आदी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील प्रथम ही साखळी तपासतात, आणि एका रात्रीचा हिशेब लागला नाही तरी नमुना बदलला गेल्याची शंका उपस्थित करतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यातील डीएनए पुराव्याच्या हाताळणीत दोष आढळल्यावर देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार नमुने घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचे असून त्यांच्या प्रत्येक हस्तांतराची नोंदवही ठेवायची आहे.

संमती प्रथम

वरील सर्व तंत्र व्यर्थ ठरेल, जर ते रुग्णाच्या इच्छेविरुद्ध वापरले गेले. न्यायवैद्यक परिचारिका पोलिसांची हस्तक नसते. तिची पहिली बांधिलकी रुग्णाशी असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या प्रकरणांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत उपचार, तपासणी, नमुने घेणे आणि पोलिसांना कळवणे यांबाबत रुग्णाला समजावून सांगून तिची संमती किंवा नकार नोंदवण्यास सांगितले आहे. पोलिसांत जाण्यास नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तपासणीच्या खोलीत पोलीस उपस्थित राहू शकत नाहीत. याच सूचनांनुसार ७२ तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता बरीच घटते, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घ्यावेत. योगायोगाने नको असलेली गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्या आणि एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे हीदेखील ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यामुळे शुश्रूषा आणि पुरावा यांचे घड्याळ येथे एकच असते.

भारतीय कायद्यात परिचारिकेची जागा

अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिका स्वतः तपासणी करते आणि न्यायालयात मत मांडते. भारतात तसे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १८४ नुसार बलात्काराच्या प्रकरणात स्त्रीची वैद्यकीय तपासणी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने, म्हणजे डॉक्टरने, तिच्या संमतीने करायची असते. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत तिला त्यासाठी पाठवावे लागते, आणि डॉक्टरने सात दिवसांच्या आत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. कलम ३९७ प्रमाणे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार देणे बंधनकारक आहे. परिचारिका या चौकटीत डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. मात्र तिने जे पाहिले, ऐकले, उतरवले आणि सीलबंद केले त्याबद्दल ती प्रत्यक्ष साक्षीदार ठरू शकते, आणि मुलीच्या तपासणीच्या वेळी विश्वासातील कोणी हजर नसेल तर रुग्णालयप्रमुखाने नेमलेली स्त्री म्हणून पोक्सो कायद्यान्वये तेथे उभी राहू शकते.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे काहीसे लवकर लक्ष दिले. बृहन्मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, आणि हिंसाचार हा रुग्णालयाचाही विषय आहे ही कल्पना तेथे रुजली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या तपासणीतील दुरवस्था अहवालातून मांडली, त्या अहवालाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका झाली, आणि राज्यातील तपासणीची पद्धत सुधारण्यास चालना मिळाली.

शिक्षण, काम आणि गुण

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्याचा पाया नेहमीचे परिचर्या शिक्षण हाच असतो: जीएनएम पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग, आणि राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात पाचव्या सत्रात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा विषय समाविष्ट केला. तो एकाच श्रेयांकाचा असला, तरी पुढील पिढीतील प्रत्येक पदवीधर परिचारिका व परिचारक यांना पुराव्याची प्राथमिक भाषा कळेल, ही गोष्ट लहान नाही. त्यापुढे अपघात विभाग, स्त्रीरोग, बालरोग किंवा जळीत कक्षातील अनुभव उपयोगी पडतो.

कामाची क्षेत्रेही अनेक आहेत. अत्याचारित व्यक्तींसाठीची ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे, ‘दिलासा’सारखे विभाग, कारागृहांतील रुग्णालये, येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापन, तसेच वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांत कागदपत्रांचा अर्थ लावून वकिलांना साहाय्य करण्याचे काम, यांत हे ज्ञान वापरता येते. इंग्लंडमध्ये पोलीस कोठडीतील व्यक्तींच्या आरोग्य तपासणीसाठीही परिचारिका नेमल्या जातात. अमेरिकेत लैंगिक अत्याचार तपासणीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर परिचारिका म्हणून दोन वर्षांचा अनुभव, किमान ४० तासांचे सैद्धांतिक प्रशिक्षण आणि गेल्या तीन वर्षांत या कामाचा ३०० तासांचा सराव अपेक्षित असतो. परदेशी नोंदणी मिळवलेल्या मराठी परिचारिकांसाठी हा मार्ग खुला आहे.

या कामासाठी लागणारे गुण पदवीत मोजता येत नाहीत. लिखाण स्पष्ट हवे, निरीक्षण आणि अनुमान यांत भेद करता यायला हवा, उलटतपासणीत ‘हे मला सांगता येणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य हवे, आणि रोज दुसऱ्याचे दुःख ऐकून स्वतःचे मन थकते हे ओळखून मदत घेण्याची तयारीही हवी.

थोडक्यात

• उपचार नेहमी प्रथम. पुरावा उपचारांच्या ओघात जपायचा.
• ओले नमुने सावलीत वाळवून कागदी पाकिटात, प्लॅस्टिक टाळायचे.
• कपडे छिद्रांतून कापायचे नाहीत. प्रत्येकाचे पाकीट वेगळे.
• दिसले ते लिहायचे, रुग्णाचे बोलणे त्याच्याच शब्दांत, निष्कर्ष तज्ज्ञाचा.
• प्रत्येक हस्तांतराची सही, तारीख आणि वेळ.
• तपासणी व नमुने संमतीनेच, नकाराचीही नोंद.
• भारतात तपासणीचा अधिकार डॉक्टरचा, जतन व नोंद यांत परिचारिकेचा मोठा वाटा.

पुढची पायरी

भारतात या शाखेची मुख्य अडचण ज्ञानापेक्षा पदाची आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची पाळी व कक्ष ठरावीक काळाने बदलतात. नमुने घेण्यास शिकलेली परिचारिका काही महिन्यांत प्रसूती कक्षात किंवा शस्त्रक्रियागृहात जाते, आणि अपघात विभागात पुन्हा नवखे हात येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे हळूहळू सक्तीचे करण्याचे ठरवले आहे, म्हणजे घटनास्थळाला तज्ज्ञ मिळणार आहे. रुग्णाच्या शरीराला मात्र तो अद्याप मिळालेला नाही. डॉक्टरचा अधिकार कायम ठेवूनही प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, बदलीपासून मुक्त अशी, न्यायवैद्यक परिचर्येत प्रशिक्षित निदान एक परिचारिका प्रत्येक पाळीत असावी, आणि तिच्या कामाला स्वतंत्र हुद्दा व बढतीची वाट असावी, एवढी तरतूद झाली तर महाविद्यालयात शिकवलेला हा विषय परीक्षेपुरता न राहता खऱ्या अर्थाने व्यवसाय होईल, आणि रक्ताने भिजलेला सदरा पिवळ्या पिशवीऐवजी सीलबंद पाकिटात जाईल.